चाखणी

माय, तुला एक सांगायचं आहे. तुझ्या पोटात

हे वाक्य मी बसमध्ये तयार केलं आणि सावरट फाटा यायच्या आत मोडून टाकलं. पोट हा शब्द नको. पोट म्हटलं की ती म्हणणार, माझं ठणठणीत आहे, तुझं बघ, रोज डब्यातली एक पोळी परत आणतेस.

फाट्यावर उतरले तेव्हा बंदी चालू होती. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करायचं नाही, असा नियम होऊन इतकी वर्षं झाली की आमच्याकडे त्या वेळेला आता कुणी दुपार म्हणत नाही, बंदीच म्हणतात. बंदीत फक्त बॅटरीच्या बस धावतात. त्या फाट्यावर चार्जिंगला थांबतात, माणसं उतरतात आणि पाणपोईकडे वळतात. त्या दिवशीही वळत होती. जवळ येऊन पालथे घातलेले दोन रांजण बघत होती आणि पलीकडच्या पाण्याच्या यंत्राकडे जात होती.

माझी आई, कस्तुराबाई, पालथ्या रांजणांच्या मधे स्टुलावर बसली होती. मांडीवर लांब दांड्याचं पितळी ओगराळं. त्यानंच ती पाणी वाढते. म्हणजे वाढायची.

"विचारलं का तुझ्या चाखणीला?" ती म्हणाली. "कधी उघडू म्हणावं."

"अजून नाही, माय."

"अजून नाही म्हणजे? इतके दिवस झाले ती तांबडी होऊन. वाळू बदलली, फडकी उकळली. आता काय मला उकळता?"

पांढर्‍या टोपीतला एक म्हातारा येऊन उभा राहिला. "बाई, घोटभर तरी."

"बंद आहे, दादा."

"पाटी तर लावलेली आहे."

"मग पाटी प्या."

म्हातारा हसला, गेला. माय हसली नाही. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली, तो यंत्रापाशी पोचेपर्यंत.

पाटीवर लिहिलं आहे: कै. लोकेश भोळे स्मरणार्थ. लोकू माझा धाकटा भाऊ. दीड वर्षाचा असताना जुलाबानं गेला. घरातल्या मोठ्यांनी सांगितलं होतं, जुलाब थांबेपर्यंत पाणी बंद. मायनं ऐकलं. हे ती कुणापासून लपवत नाही. पाटी वाचून एखादा विचारतो, काय झालं होतं पोराला. ती पाण्याची धार न मोडता सांगते, "तहानेनं गेला." एवढंच.

मी तेव्हा चार वर्षांची होते. मला त्या दिवसांतलं एकच आठवतं. मी उंबर्‍यावर बसून चेमटलेल्या फुलपात्रातून पाणी पितेय आणि लोकू आजीच्या मांडीवरून माझ्या फुलपात्राकडे बघतोय.

लोकूचं पाणी भरायचा मायचा नेम आहे. चपला काढायच्या, बांगड्या उतरवायच्या, हात आणि पाणी यांच्यामध्ये रबर-प्लास्टिक काही येऊ द्यायचं नाही. दर रविवारी रांजण रिकामे करून चिंच-मिठानं आतून घासायचे, धुवायचे आणि पुन्हा भरायचे. पूर्वी ती स्वतः घासायची. खांदा दुखायला लागला तेव्हापासून ते काम माझं. रांजण खोल आहेत. बुडापर्यंत पोचायचं तर हात खांद्यापर्यंत आत जातो, गाल काठाला टेकतो आणि आतल्या ओल्या मातीचा वास येतो. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी नमुन्याची साधी बाटली उघडतानाही हातमोजे घालते. पाणपोईवर कधी घातले नाहीत. तिथं मी प्रयोगशाळेतली नसते. लोकूची बहीण असते.

"काय सांगायचं होतं?" मायनं विचारलं.

"काही नाही."

"बसमधून उतरल्यापासून तोंड असं करून राह्यली, जसं काही मीच मेले."


चाखणी काय करते, हे मायला मागे सांगितलं होतं ते असं

पूर्वी गावचं पाणी तपासायचं म्हणजे एका बाटलीत भरून ठेवायचं आणि दुसर्‍या दिवशी काळं पडतं का बघायचं. काळं पडलं तर पाणी वाईट. पण तोवर ते पिऊन झालेलं असायचं.

चाखणी पळीएवढी असते. तिचं खरं नाव लांबलचक आहे, हे नाव आमच्या जिल्ह्यातल्या बायकांनी ठेवलं. ती रांजणाच्या तोंडाशी अडकवायची. तिच्या टोकाला एक पडदा आहे आणि पडद्यात कुठल्याही डोळ्याला न दिसणारी भोकं. पाण्यातला जंतू ती फोडते आणि त्याचा डीएनए, म्हणजे त्याच्याबद्दलचा सगळा मजकूर लिहिलेला धागा, त्या भोकातून ओढून घेते. धाग्यावरचं एकेक अक्षर भोकातून सरकताना विजेच्या प्रवाहात किंचित फरक पडतो. तो फरक मोजला की मजकूर वाचता येतो. पाणी चांगलं असेल तर हिरवा दिवा. नसेल तर तांबडा, आणि वाचलेला मजकूर आमच्या प्रयोगशाळेत.

"म्हणजे पाणी कुणाचं उष्टं आहे ते तिला कळतं," माय म्हणाली होती.

तेव्हा मी म्हटलं होतं, तसं नाही गं. आता वाटतं, तसंच आहे.

कारण मजकूर वाचता यायला लागला आणि कुणी मागितली नव्हती अशी एक गोष्ट हाती आली. जंतू वाढतो म्हणजे स्वतःच्या नकला काढतो. नक्कल काढताना एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत तशीच उतरते, वर नवी पडते. दोन जंतूंच्या चुका शेजारी ठेवून बघितल्या की ते सख्खे की चुलत ते कळतं. चुका साधारण ठरलेल्या गतीनं साठतात, म्हणून घराणं किती जुनं तेही सांगता येतं. जंतू माणसामाणसांतून फिरत असेल तर वंशावळीला जागोजाग फांद्या फुटतात. एकाच माणसाच्या पोटात मुक्काम ठोकून बसला असेल तर फांदी नाही, नुसता लांब दांडा. असं पोट बाळगणार्‍या माणसाला काहीच होत नाही. जुलाब नाही, ताप नाही. त्याला वाहक म्हणतात. वाहकाच्या हातून जंतू पाण्यात जातो आणि दुसर्‍याला धरतो.

आणखी एक. चाखणी चाखते, धूत नाही. हे आम्ही पत्रकात लिहिलं होतं, मेळाव्यात सांगितलं होतं. तरी या उन्हाळ्यात जिल्हाभर लोकांनी पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकणं सोडलं. दिवा हिरवा आहे, मग कशाला. मायनंही सोडलं. प्रवासी म्हणायचे, आजी, पाण्याला दवाखान्याचा वास येतो. तिला ते लागायचं. लोकूच्या पाण्याला दवाखान्याचा वास.

इतकी वर्षं थेंबांनी जे मारलं ते या वर्षी जिवंत राहिलं.


माय, तुझी काही चूक नाही, पण

हे दुसरं वाक्य. 'पण'च्या पुढे जाता येईना.

वंशावळ मला तडवी सरांनी दाखवली होती. ते आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. निवृत्तीला आलेले. त्यांनी उभी जिंदगी पाण्यात घातली, असं ते स्वतःच म्हणतात आणि त्याला स्वतःच कंटाळतात.

"हर्षदा मॅडम, हा फाट्यावरचा जंतू," ते म्हणाले. जंतूला आम्ही 'सत्तावन्न' म्हणतो, त्याचं पूर्ण नाव आम्हीही सरळ म्हणू शकत नाही. "ह्या टोकाच्या कोवळ्या फांद्या म्हणजे गेल्या पंधरवड्यात आजारी पडले ते. ती काकडीवालीची मुलगी इथं. आणि हा खाली दांडा बघा."

मी बघितला. पडद्यावर मावत नव्हता. त्यांनी बोटानं खाली खाली सरकवला.

"किती जुना?"

"तीसच्या वर. चाळीसच्या आत." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "एकाच पोटात. कुणीतरी तरुणपणापासून घेऊन बसलंय बिचारं. रांजणाला ज्याचा हात लागतो त्याचे नमुने घ्या. वाढतं कोण तिथं?"

वाढतं कोण, हे त्यांना माहीत होतं. ते दर उन्हाळ्यात फाट्यावर पाणी पितात.

लोकूला जाऊन पस्तीस वर्षं झाली. ही वजाबाकी मी करायच्या आधीच झालेली होती.

"औषध आहे की," ते म्हणाले. "जंतूला खाणारे विषाणू. पंधरा दिवस प्यायचं, चव घाणेरडी, पण बहुतेक साफ होतं."

"सर, वाहकाला किती वर्षांपासून ते सांगावंच लागतं का?"

"लागतं. त्याचा हक्क आहे तो." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुम्ही घरी काय सांगता ते ऐकायला मी येणार नाही."

म्हणून मग मी वाक्यं तयार करायला लागले. बसमध्ये, आंघोळ करताना, पोळ्या लाटताना.

माय, हे मागच्या वर्षी तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा लागलं असणार.

माय, हे अगदी नवं आहे, दोन-तीन महिन्यांचं.

माय, लोकूच्या वेळी हा जंतू आपल्याकडे नव्हताच.

तिसरं सर्वांत चांगलं होतं, आणि म्हणून सर्वांत वाईट. तिनं विचारलेलं नसताना लोकूचं नाव मी का काढलं, एवढं तिला कळलं असतं. तिला शिक्षण नाही. हिशेब आहे.

पस्तीस वर्षं ती एक गोष्ट उचलून चालली आहे. मी त्याला पाणी दिलं नाही. त्या गोष्टीवर तिनं हे छप्पर बांधलं, रांजण मांडले, हातात ओगराळं घेतलं. आता मी तिला जाऊन सांगायचं की त्याच्या आधी तुझ्या हातून त्याला जे मिळालं त्यात हा जंतू होता. मग तिनं ओगराळं कुठे ठेवायचं?


नमुना

"कशाचा?" माय म्हणाली.

मी सांगितलं कशाचा.

"या वयात हेच राह्यलं होतं."

"सगळ्यांचाच घेतात, माय. नियम आहे."

"डबी एवढीशी? ह्याच्यात कसं जमायचं? तुमच्या साहेबाला म्हणावं, तू दाखव करून."

"माय."

"आणि पोचवणार कोण? तूच ना, बसमधून? जेवणाच्या डब्याशेजारी ठेवू नको म्हणजे झालं."

दुसर्‍या दिवशी सकाळी डबी ओट्याखाली तयार होती. तिनं ती तीन पिशव्यांत गुंडाळली होती आणि वरच्या पिशवीला गाठ मारून त्यात, कोण जाणे का, तुळशीची दोन पानं खोचली होती.


दवाखान्यात

मंजुळा फाट्यावर काकड्या विकते. तिची मुलगी दहा महिन्यांची, ग्रामीण रुग्णालयात. पहिल्या दोन दिवसांत डोळे खोल गेले होते, आता सलाईन काढलं होतं. माय म्हणाली, मला ने. मी टाळलं. ती एकटीच निघाली, तेव्हा मी मागोमाग गेले.

मंजुळा खाटेवर पाय दुमडून बसली होती. मायला बघून उठली नाही.

"मावशी, बाहेरचा एक थेंब पाजला नाही मी हिला," ती म्हणाली. "फक्त तुमच्या हातचं."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. माय खाटेच्या कडेला उभी राहिली. तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "पाणी बंद तर नाही ना केलं?"

"नाही."

"कुणी सांगितलं तरी करू नको."

"नाही मावशी. नर्सबाई उलट ओरडतात, पाज म्हणून."

साखर-मीठ-पाण्याची वाटी खाटेशेजारी होती. मंजुळा डुलक्या देत होती. मायनं हात लांब केला. मग तो हात तिनं मधेच थांबवला, उलटा करून बघितला आणि माझ्याकडे वळली.

"तू पाज," ती म्हणाली. "माझा नको."

म्हणजे तिला कळलं होतं. तांबड्या दिव्याचा अर्थ, नमुन्याचा अर्थ, माझ्या तोंडाचा अर्थ. मी एकही वाक्य न वापरता तिनं अर्ध्यापर्यंत पोचून घेतलं होतं. उरलेलं अर्धं, किती वर्षांचं ते, तेवढंच माझ्याकडे होतं.

मी वाटी घेतली. चमचा भरला. पोरीनं तोंड उघडलं, गिळलं, पुन्हा उघडलं. तिचे डोळे चमच्यावरून हलत नव्हते. वाटी संपेपर्यंत मी पाजत राहिले. मायनं तेवढा वेळ दोन्ही हात पाठीमागे धरले होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे.


माय, तू

पहिल्यांदाच वाक्य खोटं तयार करावं लागलं नाही. तडवी सरांनी मला खुर्ची दिली. ते सहसा देत नाहीत.

"आईंचा नमुना स्वच्छ आहे," ते म्हणाले. "सत्तावन्नचा मागमूस नाही. दोनदा बघितला."

मला हसू आलं असावं, कारण तेही थोडे हसले. मी म्हटलं, बरं झालं. मग म्हटलं, बरं झालं सर. किती वेळा म्हटलं कोण जाणे.

ते हसायचे थांबले. "मग दांडा कुणाचा?"

"म्हणजे?"

"रांजणाला आणखी कुणाचा हात लागतो?"

"कुणाचाच नाही. माय वाढते. ओगराळं तिच्याकडेच असतं. दुसर्‍या कुणाला ती" आणि मग मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. त्याच्यावर हातमोजा होता. निळा. आतल्या बाजूनं घामानं चिकटलेला.

रविवार. चिंच-मीठ. खांद्यापर्यंत.

नमुने गोळा करणारी मी, डब्या वाटणारी मी. यादी करणारी माणसं स्वतःला यादीत धरत नाहीत, हे आम्ही प्रशिक्षणात दरवर्षी नवीन मुलांना शिकवतो. मीच शिकवते.

तडवी सर खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. मी टेबलावरची एक डबी उचलली.

निकाल आला तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. वंशावळीचा लांब दांडा वर वर येत माझ्यापर्यंत पोचला. चार वर्षांची असताना मला बहुतेक थोडे जुलाब झाले असतील, कुणाच्या लक्षातही आले नसतील. मी बरी झाले. बरी झाले म्हणजे तो आत राहिला. माझ्याबरोबर शाळेत गेला, कॉलेजात गेला. मी पाण्यातल्या जंतूंवर प्रबंध लिहिला तेव्हाही तो होता. माझं लग्न झालं, मोडलं, मी परत मायकडे आले, तेव्हाही.

लोकूला तोच लागला होता का? चाखणी ते सांगू शकत नाही. लोकूचं काहीच उरलेलं नाही, ना नमुना ना फोटो. वर्षं जुळतात एवढंच. पुढचं सगळं माझं.

एक चेमटलेलं फुलपात्र, अर्धं भरलेलं. त्यातलं उरलेलं पाणी कुणाला तरी मिळालं असेल का, कुणाचं लक्ष नसताना, पाणी बंद होण्याच्या आधी एखाद्या दिवशी. आमच्या घरात फुलपात्रं तेव्हा मोजकीच होती.


माय, तो हात माझा होता

हे शेवटचं. मी ते बसमध्ये घोळवलं नाही. फाट्यावर उतरले आणि सरळ गेले.

पाणपोई उघडली होती. जुने रांजण गेले होते. त्यांच्या जागी अरुंद तोंडाचा, वर झाकण ठोकलेला नवा रांजण आला होता आणि त्याला खाली तोटी होती. माय इतकी वर्षं तोटीला नाही म्हणत आली. तोटीनं पाणी घेतलं जातं, दिलं जात नाही, असं तिचं म्हणणं. आता ती तोटीशेजारी स्टुलावर बसली होती आणि ओगराळं छपराच्या बांबूला टांगलेलं होतं. मुलगी घरी आल्यावर मंजुळा स्वतःहून आली होती. रांजण ती भरत होती. अनवाणी, आणि हातात माझ्या प्रयोगशाळेतले निळे मोजे.

"बघ तिची तर्‍हा," माय मला म्हणाली. "मी म्हटलं, बांगड्या काढ. तर हिनं मोजे घातले आणि वरून बांगड्या चढवल्या."

"मावशी, सवाष्णीचा हात रिकामा नको," मंजुळा म्हणाली. तिनं क्लोरीनचे थेंब मोजून टाकले, झाकण लावलं, चाखणी बघितली. हिरवी. मग ती आपल्या काकड्यांकडे गेली.

बंदी सुरू झाली. रस्त्यावर कुणी उरलं नाही.

मी छपराच्या बाहेरच उभी होते. माय म्हणाली, आत ये, ऊन आहे. मी म्हटलं, तुझा नमुना साफ निघाला. तू कधीच काही केलेलं नाहीस. माय, तो हात माझा होता.

तिनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हाताकडे नाही.

"औषध आहे का?"

"आहे. सुरू केलं."

"गुण येतो?"

"बहुतेक येतो."

"मग झालं तर." ती तोटीखालचं ओलं पुसायला वाकली, पुसलं, फडकं पिळलं. पाठमोरीच असताना तिनं विचारलं, "कधीपासून?"

तिच्यासाठी मी किती वाक्यं तयार ठेवली होती. ऑपरेशन, दोन-तीन महिने, आपल्याकडे नव्हताच. आता त्यातलं एकही माझ्या तोंडून निघेना. दुसर्‍यासाठी शिवलेलं अंगात जात नाही.

"जुना आहे," मी म्हटलं. "पस्तीसेक वर्षांचा."

फडकं तिच्या हातात तसंच राहिलं. पाण्याचे थेंब वाळूवर पडत होते, एकेक, आणि पडताक्षणी सुकत होते. ती हिशेब करत होती. तिला फार वेळ लागणार नव्हता.

"तू तेव्हा इथं नव्हतीस," ती म्हणाली.

"कधी?"

"लोकूला लागलं तेव्हा. तुला मामानं आठ दिवस आधीच नेलं होतं. सुट्टी होती. तो गेला, मग तेराव्याला आणलं तुला. त्या आठ-पंधरा दिवसांत तू ह्या घरचा उंबरा पाह्यलाच नाही."

माय कधी सलग बोलत नाही. एक शब्द बोलते, पदर ओढते, दुसरा बोलते, कुणाला तरी पाणी वाढते, मग राहिलेलं सांगते. हे एका दमात आलं, कुठेही न अडखळता. तयार केलेलं वाक्य कसं ऐकू येतं, ते मला आता चांगलं कळतं. आणि हे तिनं या दोन क्षणांत तयार केलेलं नव्हतं. निकाल आला त्या दिवसापासून मी घरात कशी वावरत होते ते ती बघत होती.

उंबरा हा शब्द तिनं घ्यायला नको होता. उंबराच मला आठवतो.

पण आता तिचं तोंड माझ्याकडे वळलं होतं आणि त्यावर काहीही नव्हतं. ना राग, ना दया. नुसती थकलेली वाट बघणं. मी हे घेते की नाही, एवढंच.

"हो का," मी म्हटलं. "मला वाटलं मी इथंच होते."

"लहान होतीस. तुला काय आठवणार."

"खरंय."

लांबून एक बस येताना दिसली. उन्हात ती रस्त्यावर नव्हे, पाण्यावर चालल्यासारखी दिसत होती. मला तहान लागली होती, घर सोडल्यापासूनची. मी छपराखाली आले आणि तोटीकडे हात केला.

"तोटीला हात लावू नको," माय म्हणाली.

मी हात मागे घेतला. बरोबर होतं तिचं. मीच लिहिलेल्या पत्रकात ते होतं.

ती उठली. खांदा धरून बांबूपर्यंत हात नेला आणि टांगलेलं ओगराळं काढलं. तोटी उघडून ते काठोकाठ भरलं, तोटी बंद केली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली, सगळ्या प्रवाशांसमोर उभी राहायची तशी.

"ओंजळ कर," ती म्हणाली.

मी वाकले आणि दोन्ही हात जोडून तोंडाशी धरले. धार वरून आली, बारीक, न तुटणारी. पाण्याला दवाखान्याचा वास होता. मी पीत गेले. ओगराळं रिकामं झालं तेव्हा तिनं विचारलं नाही, पुन्हा भरलं.